अक्का, चौथं गाणं खोटं नव्हतं

अन्याय तुझ्यावर झाला, रुख्माअक्का. आखाजीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी साडेदहा वाजता, जळगावातल्या पिंप्राळ्याच्या बाजारात. मी स्वतःच्या हाताने लोकांना पिवळी पत्रकं वाटत होते आणि प्रत्येक पत्रकात लिहिलं होतं की हे गाणं बनावट आहे. गाणं तुझं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसेल तर लिहायचं नाही, हे तूच मला शिकवलेलं. म्हणजे मला सुटका नाही.

आज नववा दिवस. तू कशाने गेलीस, किती वाजता गेलीस, कोण कोण आलं होतं, हे मी इथे लिहिणार नाही. ते तुझ्या मुलाने, अनिलने, दीपनगरच्या त्याच्या कॉलनीत फलकावर लिहून लावलंय, चांगल्या अक्षरात. त्यात तुला 'धर्मपरायण' म्हटलंय. तू वाचलं असतंस तर शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली असतीस, "हाई कोन व बाई? आपल्या गल्लीत राहस का?"

मला बसवत नाही, अक्का. सकाळी तुझ्या दुकानाचं शटर अर्धं उघडलं, आत वाकून बघितलं, परत ओढलं. घरी आले. कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या, उठले. चहा टाकला, तो उतू गेला. परत लिहायला बसले. पत्रक लिहिताना मला समोर शत्रू लागतो. या वेळी समोर शत्रू म्हणून मीच आहे, आणि स्वतःला शिव्या देताना हात चालत नाही हे मला पहिल्यांदा कळतंय.

ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सिनेमा सांगते. त्याचं नाव लिहिणार नाही, मला त्याची जाहिरात करायची नाही. गोष्ट अशी, की जळगावातला एक कुलर दुरुस्त करणारा मुलगा घरी वीजमीटर वाचायला येणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि ती परत यावी म्हणून दर महिन्याला बिल चुकल्याची तक्रार करतो. एवढीच गोष्ट. थंडीत शूटिंग इथेच झालं. आखाजीच्या पंधरा दिवस आधी त्यातली गाणी बाहेर आली. सहा गाण्यांचा अल्बम. सिनेमा अजून यायचाच होता, पण गाण्यांवर मत नाही असा माणूस पिंप्राळ्यात उरला नव्हता.

आणि ही सगळी मतं येऊन पडायची तुझ्या फॉल-पिकोच्या दुकानात. साडी द्यायला आलेली बाई साडीच्या आधी मत द्यायची. पहिलं बँडबाजाचं गाणं वरातीला बरं. दुसऱ्या गाण्यात तो मुलगा मीटरचे आकडे गातो, ते लहान पोरांना पाठ. तिसरं रडकं. पाचव्यातली मुलगी फोनवर फक्त 'हां, हां' म्हणते, त्यावर कॉलेजच्या पोरी फिदा. सहाव्यात नुसती वाद्यं, ते कोणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. तू प्रत्येकीला विचारायचीस. "तिसरं कसं वाटलं व?" "रडकं का म्हनस? नीट सांग." मला वाटायचं, म्हातारीला टाइमपास. तुझं स्वतःचं मतही तू द्यायचीस. दुसऱ्या गाण्यावर तर तुझा जीव होता. "हाऊ पोऱ्या येडा शे," तू म्हणायचीस, "पन खरा येडा शे."

आणि चौथ्याबद्दल विचारलं की फक्त, "बरं शे."

एक कॉलेजची मुलगी म्हणाली होती, "चौथं बोअर आहे अक्का, मी ते पुढे ढकलते." तू केवढी हसलीस. तिच्या ओढणीला पिको करताना म्हणालीस, "ढकल, ढकल. आवडनं नही तर कसाले ऐकस?" तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसले होते. आता आठवतं की तुला त्या मुलीचा राग आला नव्हता. जराही नाही. तिने गाणं ऐकलं होतं, तिला कंटाळा आला होता, तिने तसं सांगितलं. तुझ्या लेखी हिशेब तिथे संपला.

माझ्या लेखी कुठलाच हिशेब संपत नाही, हा माझा रोग.

चौथं गाणं झोक्याचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात आणि झोक्यावर गातात, त्या चालीतलं. मागे एक टिकटिक-टिकटिक ठेका आणि एक शहरी आवाज. पहिलीच ओळ:

उंच गया झोका माय, दिखनी दूरनी गाडी
त्यानी नही ती तरी, फाटनी मनी साडी

झोका उंच गेल्यावर तिला लांब रस्त्यावर मालाची गाडी दिसते. नवऱ्याची वाटते. ती घाईने उतरायला जाते आणि साडी अडकून फाटते. गाडी दुसऱ्याचीच असते.

मी हे ऐकलं आणि पेटले. मला पेटायला वेळ लागत नाही, तुला माहीत आहे. अल्बमवर लिहिलं होतं, 'पारंपरिक'. म्हटलं, कुठली परंपरा? आखाजीच्या झोक्यावर बाया सासूला शिव्या घालतात, नणंदेची नक्कल करतात, भाऊ न्यायला उशिरा आला म्हणून त्याला झोडतात. नवऱ्यासाठी झुरणारी बाई झोक्यावर कधी बघितली? हे मुंबईच्या ऑफिसात बसून लिहिलंय. प्रेमाच्या सिनेमात खपवायला आमचा झोका पळवलाय.

मी झोक्यावर कितीदा बसले, अक्का? लहानपणी दोनदा. गाणी मी सभांमधून ऐकली, पुस्तिकांमधून वाचली. पण मत होतं माझ्याकडे. छापायला दुसऱ्याच दिवशी तयार.

आपला एक नियम होता. कुठलंही पत्रक छापखान्यात जाण्याआधी मी तुला वाचून दाखवायचं. रस्त्यावरच्या दिव्यांचं, मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याचं, बसच्या पासचं, सगळी आधी तुझ्या दुकानात वाचली गेली. मी मोठ्याने वाचायचे, तू मशीन चालवत ऐकायचीस आणि जिथे तुझा पाय थांबायचा तिथे काहीतरी चुकलेलं असायचं. एकदा म्हणालीस, "ज्योते, तीन धिक्कार कसाले व? एक पुरे. तीन म्हटलं की लोकेस्ले वाटस, हाई पोरगी घाबरेल शे." मी दोन खोडले. तेव्हापासून माझ्या कुठल्याच पत्रकात एकाहून जास्त धिक्कार नाही, आणि लोक म्हणतात ज्योतीची भाषा धारदार आहे. ती धार तुझ्या पायाची आहे.

हे एकच पत्रक मी तुला दाखवलं नाही. कारण आदल्या आठवड्यात आपलं वाजलं होतं. मी म्हणाले होते, असले प्रेमाचे सिनेमे म्हणजे बायांना गुंगीत ठेवायचं औषध. तू म्हणालीस, "तुले प्रेम काय कुलरनं पानी वाटस का, कोनी बी वतं न् थंड झालं?" मी म्हणाले, तुला नाही कळायचं. असं म्हणाले, तुला. आणि तरातरा निघून गेले. नवऱ्यामागे एकटीने दुकान उभं केलेल्या बाईला मी प्रेमाबद्दल 'तुला नाही कळायचं' म्हणाले.

पत्रकाचं शीर्षक होतं, 'हा झोका खानदेशचा नाही!' त्यात एक वाक्य होतं ज्याचा मला फार अभिमान होता: 'झोका हा आमच्या बाईचा वर्षातला एकमेव मोकळा श्वास आहे, आणि त्या श्वासात ती नवऱ्याचं नाव घेत नाही.' लोकांनी त्याचे फोटो काढले. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक ग्रुपवर ते फिरलं. धरणगाव, धुळे, कुठून कुठून लोक त्या गाण्याखाली जाऊन लिहायला लागले. 'बनावट.' 'आमच्या आज्यांचा अपमान.' 'खोटी अहिराणी, खोटं गाणं.' आदल्या दिवशी त्याच गाण्याखाली लोक हसण्याची चित्रं टाकत होते. माझं पत्रक आलं आणि सगळ्यांना एकदम आज्या आठवल्या.

आणि तू दुसऱ्या दिवशी मला चहा पाजलास. पत्रकाबद्दल अक्षर नाही. मला वाटलं, भांडण मिटलं.

दोन आठवडे गेले. आखाजी होऊन गेली. ती दुपार मी रोज उलटीसुलटी करून बघते. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं, तुझा कुलर घरघरत होता. कमलमावशी आली होती. कमलमावशीला सगळं पिंप्राळं 'कारलेवाली' म्हणतं, आणि ते का, हे बाहेरच्यांना सांगावंच लागेल. तरुणपणी तिने झोक्यावर कारल्याच्या भाजीवरून सासूची खिल्ली उडवणारं गाणं रचलं आणि वर ठसक्यात सांगितलं, हे मी रचलंय. झालं. आमच्याकडे झोक्यावरचं गाणं कोणी रचलं हे रचणारीने सांगायचं नसतं. सांगितलं की तेच गाणं तिचं नाव होऊन बसतं. कमलमावशीला आता नातवंडं आहेत, तरी भाजीवाला तिला बघून आधी कारली पुढे करतो.

तर कमलमावशी ब्लाउजपीस घेऊन बसली होती आणि मी फोनमध्ये बघून तुला मतं वाचून दाखवत होते. फुशारकीने. 'बघ अक्का, अजून चाळीस आले. ऐक, हा धुळ्याचा काय म्हणतो.' कमलमावशी पोट धरून हसत होती. "काय व अक्का, झोक्यावर कोनी नवराले याद करस का? आम्ही तर त्याले इसराले झोक्यावर चढतस!"

तू विचारलंस, "ज्योते, ह्या लोकेस्नी ऐकीसन लिखेल शे का?"

मी काय उत्तर दिलं? ते इथे छापते, म्हणजे मला ते कधी विसरता येणार नाही. मी म्हणाले, "ऐकायची गरज काय? त्यांनी पत्रक वाचलंय."

तुझा पाय थांबला. मग परत चालू झाला. आणि मशीनच्या टिकटिकीवर तू गायला लागलीस. चौथं गाणं. गाडी, साडी, सगळं. मला वाटलं, तूही पाठ केलंस. पण पहिलं कडवं संपलं आणि तू पुढे गेलीस, अल्बममध्ये जे नाहीच ते:

बठ्ठ्या गातीस सासरना ताप, मी बसनू चूप
त्यानी करेल जाडी भाकर, माले गोड लागनी खूप

सगळ्या सासरचे ताप गातात, ती मात्र गप्प, कारण त्याने केलेली जाड भाकर तिला गोड लागलेली. कमलमावशीचं हसू अर्ध्यात राहिलं. मी फोन खाली ठेवला. मशीन चालू होती आणि मला तो ठेका ओळखू आला. तोच. गाण्याच्या मागचा. मी पत्रकात त्याला 'कॉम्प्युटरवर बनवलेला निर्जीव ठेका' म्हटलं होतं. जिच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी लिहायला शिकले, ती मशीन.

"हे कुठलं कडवं?" मी विचारलं.

"मनं शे," तू म्हणालीस. "बठ्ठं मनं शे." सगळं तुझं.

मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलंस, दोरा दाताने तोडत. थंडीत सिनेमावाल्यांची एक चष्मेवाली मुलगी हिरॉइनच्या साड्या फॉल लावायला घेऊन आली. दोन दुपारी इथेच बसली. तू काम करताना गुणगुणत होतीस, तिने फोनवर घेतलं, मशीनसकट. नंतर तिचा फोन आला, आजी, हे गाणं सिनेमात घेऊ का, कोणी रचलंय? आणि तू म्हणालीस, "झोक्यावरलं शे. बठ्ठ्यास्नं शे." तिने लिहून टाकलं, पारंपरिक. तिला कसं कळणार की आमच्याकडे ज्या बाईचं गाणं असतं तीच 'बठ्ठ्यास्नं', सगळ्यांचं, म्हणते. तिने एकदा विचारलं, तू एकदा सांगितलंस. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. त्या मुलीवरही माझा राग आहे, तो मी इथे लिहून ठेवते. पण तिने निदान विचारलं तरी होतं. मी एकदाही नाही.

आणि भाकर? ती तू सगळ्यात शेवटी सांगितलीस. अनिल झाला तेव्हा तुला बाळंतपणात ताप भरलेला. सासू दुसऱ्या लेकाकडे. भीमराव, तुझा नवरा, केळीचा ट्रक दिल्लीला न्यायचे, तेव्हा दोन खेपा सोडून घरी थांबले आणि ट्रकवरच्या सवयीने स्वतः भाकरी थापल्या. जाड, कडेने करपलेल्या. तुझ्याकडून वचन घेतलं, कोणाला सांगू नको, ड्रायव्हर लोक हसतील. त्याच आखाजीला तू धरणगावला माहेरी गेलीस आणि झोक्यावर हे रचलंस, मनातल्या मनात. गायलीस कधीच नाही. गायली असतीस तर बाया तुला 'भाकरवाली' म्हणाल्या असत्या आणि भीमरावांचं हसं झालं असतं. पुढे काही वर्षांनी भीमराव ट्रक घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. वचन देणारीला सोडवणारं कोणी राहिलं नाही.

अक्का, मी तुला सभांमध्ये उदाहरण म्हणून वापरलंय. 'नवऱ्याचं जोखड गेल्यावर बाई कशी उभी राहते ते पिंप्राळ्यात येऊन बघा.' टाळ्या पडायच्या. तू शेवटच्या रांगेत बसलेली असायचीस. मला वाटायचं, अभिमानाने गप्प आहे. तू मला एकदाही टोकलं नाहीस. का नाही टोकलंस? या प्रश्नावर मी नऊ दिवस चिडते आहे आणि ज्याच्यावर चिडायचं ते माणूस नाही.

त्या दुपारीही मी माफी मागितली नाही. मी काय केलं? कागद काढला. "आपण नवीन पत्रक काढू," म्हणाले. "तुझ्या नावानिशी. ठळक अक्षरात. त्यांना अल्बमवर नाव घालायला लावू."

"नाव नको."

"का नको? हक्क आहे तुझा."

"या वयमा मी भाकरवाली व्हऊ का?"

"मग काय करायचं? गप्प बसायचं? तू घाबरतेस, अक्का."

कमलमावशी मध्ये पडली, "ए पोरी, जराशी दम धर." मी दम धरला नाही. तू मशीनवरून उठलीस, माठातलं पाणी प्यालीस, आणि जे म्हणालीस ते मी शब्दाला शब्द इथे देते. "नाव काय, येस न् जास. आवडनं नही म्हना, बोअर शे म्हना, मी आईकसू. पन खोटं शे नका म्हनू. त्या मानोसनी भाकर खोटी नव्हती."

तुझी मागणी एवढीच होती. मी मात्र नावावर अडून बसले. मला नाव हवं होतं, कारण नावाने पत्रक चांगलं झालं असतं. मी तशीच निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या पाण्याच्या आंदोलनासाठी धुळ्याला गेले.

धुळ्यात चार दिवस होते. घोषणा देत होते आणि डोक्यात भाकर. मग मी एक केलं, जे मला दोन आठवडे आधी सुचायला हवं होतं. लोकांना गाणं ऐकवायला लागले. माझ्या फोनवर, एकेका माणसाला, पूर्ण. पत्रक नाही, भाषण नाही. गाणं संपलं की विचारायचं, कसं वाटलं? आणि ते जे म्हणतील ते वहीत उतरवायचं. तुला वाचून दाखवायला.

आता इथेच वाचते.

वसतिगृहाची स्वयंपाकीण म्हणाली, साडी फाटते तिथे मला हसू आलं, माझीही अशीच फाटली होती, पण मी घरी खोटं सांगितलं की बकरीने ओढली. एक कंडक्टर बाई म्हणाल्या, गाणं ठीक, आवाज फार गुळगुळीत, झोक्यावर एवढा गोड आवाज काढायला श्वास कुठे असतो? हे तुला पटलं असतं. आंदोलनातली एक मुलगी म्हणाली, मला नाही आवडलं, लग्न झालेल्या बायकांचं आहे. तेही लिहिलं. चहावाले आबा फोन कानाला लावून पूर्ण ऐकत राहिले, दूध उतू चाललं तरी. मग म्हणाले, "बाई माहेरी गयी म्हंजे मानूस काय करस ते कोनी गानामा टाकत नही. मी तिनी चादर धुतली नही महिनाभर." आणि लगेच गिऱ्हाइकावर ओरडले. मी त्यांना सांगितलं, आबा, याचं अजून एक कडवं आहे. मी ते म्हणून दाखवलं, बेसूर. 'जाडी भाकर' आली तेव्हा आबांचा हात किटलीकडे गेला. चहा पुढे केला. ते मत मी कसं लिहू? वहीत एवढंच लिहिलं, 'आबांनी चहा दिला.'

एकानेही खोटं म्हटलं नाही, अक्का. पुन्हा सांगते, एकानेही नाही. कोणाला आवडलं, कोणाला नाही. पण ऐकलेल्यातला एकही माणूस ते वाक्य बोलला नाही जे मी न विचारता छापलं आणि शेकडो लोकांनी न ऐकता खाली उतरवलं.

गुरुवारी दुपारच्या बसने निघाले. वही पिशवीत वर ठेवलेली, उतरले की थेट दुकानात. ठरवलं होतं की या वेळी आधी माफी, मग मतं, आणि नावाचं भांडण सगळ्यात शेवटी. पारोळ्याच्या पुढे कमलमावशीचा फोन आला. ती नीट बोलू शकत नव्हती. मी तिच्यावरच खेकसले, "मावशी, आधी श्वास घे, मग सांग." बसमधले लोक बघायला लागले. खिडकीतून केळीच्या बागा जात होत्या, उन्हाने पानं फाटलेली, आणि मला कोणाला तरी मारावंसं वाटत होतं.

नावाचं आपलं भांडण संपलं नाही. मी ते जिंकले असंही म्हणणार नाही. तू नाही म्हणाली होतीस आणि मी तरी पहिल्याच ओळीत तुझं नाव लिहिलंय, भीमरावांची भाकरही लिहिलीय. कमलमावशीला आधी विचारलं. ती रडत म्हणाली, "लिख. मी इतली वर्सं कारलेवाली शे, मरनू नही." अनिलभाऊला वाचून दाखवलं. "बाबा भाकरी करायचे?" एवढंच म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं. म्हणून लिहिलं. चूक असेल तर माझी आहे आणि या वेळी मी ती डोळे उघडे ठेवून करते आहे. रागव माझ्यावर.

पण तुझी जी एक मागणी होती ती मी बदललेली नाही, त्यात माझं काही घातलेलं नाही. ती मी जशीच्या तशी पुढे देते.

तुम्ही, जे हे वाचताय. जळगावात, धुळ्यात, धरणगावात, पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या मुलांनो, तुम्हीही. ज्यांनी माझं पिवळं पत्रक वाचून त्या चौथ्या गाण्याखाली 'बनावट' लिहिलं, 'खोटं' लिहिलं, त्यांच्याशी मी बोलते आहे. अक्कावर दया म्हणून तिथे कौतुक लिहू नका, तिला ते चाललं नसतं. आज फोन काढा. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐका, मध्ये पुढे ढकलू नका. कंटाळा आला तर कंटाळा आला असं लिहा. आवाज गुळगुळीत वाटला तर तसं लिहा. काहीच वाटलं नाही तर काहीच लिहू नका. पण 'खोटं' हा तुमचा शब्द तिथून काढा, आजच, तुमच्याच हाताने.